आपल्या नावाचं लायसन्स: वायरमनचा ठेकेदार होताना

साइटवर जेवणाच्या सुट्टीत मुलं मला एकच प्रश्न विचारतात. "दादा, स्वतःचं लायसन्स काढायला काय काय लागतं?" दहा मिनिटांत याचं उत्तर देता येत नाही आणि अर्धवट सांगितलं तर मुलगा अजून घाबरतो. मलाही त्या वेळी सांगणारं कोणी नव्हतं. म्हणून जे जसं घडलं तसं क्रमाने लिहितोय, खर्चासकट. सरकारी फी मुद्दाम लिहिलेली नाही, कारण ती बदलत राहते. अर्ज करण्याआधी विद्युत निरीक्षक कार्यालयातूनच विचारून घ्या.

मी भांडुपचा. २००६ मध्ये दहावी झाल्यावर मुलुंडच्या सरकारी आयटीआयमध्ये वीजतंत्री ट्रेडला प्रवेश घेतला, २००८ मध्ये पास झालो आणि पुढचं एक वर्ष शिकाऊ उमेदवारी केली. त्या प्रमाणपत्रांवर वायरमनचा परवाना काढला. आमच्या धंद्यात याला अजूनही सगळे 'पीडब्ल्यूडी लायसन्स'च म्हणतात. साइटवर तुमच्याकडे हा परवाना कोणी मागत नाही, त्यामुळे बरीच मुलं तो काढतच नाहीत. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच्यावरच उभ्या आहेत, तेव्हा आयटीआयचा कागद हातात आला की पहिलं काम हेच करा.

पुढची काही वर्षं लोअर परळला काढली. गिरण्यांच्या जागेवर टॉवर उभे राहत होते आणि कामाला तोटा नव्हता. मी एका ठेकेदाराकडे रोजंदारीवर होतो. भिंतीला झिरी मारणं, पाइप टाकणं, स्प्रिंगने वायर ओढणं, डीबी (घरभर वीज वाटून देणारा बोर्ड) भरणं, हे सगळं तिथे शिकलो. दीडची, म्हणजे दीड चौरस मिलिमीटरची, वायर लाइट-पंख्याला, अडीचची प्लगला, चारची गिझर-एसीला. हे पुस्तकात असतंच. पण वीस मीटरच्या पाइपात तीन बेंड आले तर वायर कुठून ओढायची, हे हाताला कळावं लागतं. माझ्या हाताला ते कळलं एका मालवणी मिस्त्रीमुळे. त्यांना आम्ही काका म्हणायचो. ते रागावले की बोलायचे नाहीत. आपण केलेला जोड फक्त उघडून पुढ्यात ठेवायचे.

२०१४ च्या आसपास सुट्टीच्या दिवशी स्वतःची छोटी कामं घ्यायला लागलो. वन-बीएचकेचं रिवायरिंग, दुकानाचा बोर्ड, सोसायटीचा पंप. आणि इथेच अडचण समजली. नवीन मीटर घ्यायचा असो की लोड वाढवायचा, वीज कंपनी लायसन्सधारक ठेकेदाराची सही-शिक्का असलेला टेस्ट रिपोर्ट, म्हणजे वायरिंग तपासल्याचा अहवाल, मागते. मुंबईत तर कंपनीही भागाप्रमाणे बदलते. कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंत बेस्ट, उपनगरात बहुतेक ठिकाणी आता अदानी, आमच्या भांडुप-मुलुंडला महावितरण, शिवाय टाटा पॉवर. टेस्ट रिपोर्ट मात्र सगळीकडे लागतोच. माझ्याकडे लायसन्स नव्हतं. मग ज्यांच्याकडे होतं त्यांच्याकडून दोन-अडीच हजार देऊन सही आणायची. सही करणाऱ्याने ते घर पाहिलेलंही नसायचं. पैशाचं वाईट वाटायचंच, पण जास्त टोचायचं ते वेगळंच. वायर मी ओढलेली, डीबी मी भरलेला आणि कागदावर माझं नावच नाही. उद्या त्या घरात शॉर्टसर्किट झालं तर जबाबदार कोण? ज्याने पाहिलं नाही तो कागदावर, आणि ज्याने केलं तो कुठेच नाही. ही पद्धत चुकीची आहे, आणि ती अजून चालू आहे म्हणूनच मी हे लिहायला घेतलं.

ठेकेदाराच्या लायसन्ससाठी सुपरवायझर म्हणजे पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र असलेला माणूस लागतो. पगारावर ठेवता येतो, पण मला स्वतःच व्हायचं होतं. २०१५ च्या दिवाळीनंतर कागद जमवायला लागलो आणि दोन ठिकाणी अडलो.

पहिली अडचण अनुभवाच्या दाखल्याची. ज्या ठेकेदाराकडे मी वर्षानुवर्षं काम केलं त्यांनी दाखला द्यायला नकार दिला. "तू उद्या माझ्याच समोर कोटेशन टाकणार," एवढंच म्हणाले. रोजंदारी रोख मिळायची, त्यामुळे पगारपत्रक नाही, पीएफ नाही, बँकेत नोंद नाही. माझी ती वर्षं कागदावर कोरी होती. शेवटी मधल्या काळात ज्या दुसऱ्या लायसन्सधारक ठेकेदाराकडे रीतसर पगारावर होतो, त्यांनी लेटरहेडवर, लायसन्स नंबरसह, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत हे स्पष्ट लिहून दाखला दिला. त्या माणसाचे उपकार मी विसरलेलो नाही. नवीन मुलांना माझं कळकळीचं सांगणं आहे: पगार बँकेतच घ्या, आणि काम सोडताना भांडण झालेलं असलं तरी दाखला घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

दुसरी अडचण नावाची. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव एका प्रकारे, आधारवर दुसऱ्या प्रकारे. शाळेत प्रवेश घेताना कोणीतरी तसं लिहिलं आणि आयटीआयच्या प्रमाणपत्रापर्यंत ते तसंच येत राहिलं. त्यासाठी राजपत्रात नावबदलाची जाहिरात द्यावी लागली. हल्ली हा अर्ज ऑनलाइन होतो. राजपत्र प्रसिद्ध झालं की त्या पानाच्या चार-पाच प्रती काढून फाइलला लावून ठेवा. पुढे बँक, जीएसटी, पॅन, प्रत्येक ठिकाणी मला ते पान लागलं.

परीक्षा २०१६ मध्ये दिली. दिवसा साइट, रात्री अभ्यास. घरात जागा नव्हती म्हणून स्टेशनजवळच्या अभ्यासिकेत बसायचो, महिना तीनशे रुपये. लेखीची मला भीती नव्हती, तोंडीची होती. समोरच्या साहेबांनी मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) टेबलावर ठेवला आणि विचारलं, "हा कधी लावायचा? लाइन चालू असताना की बंद असताना?" बंद करून, म्हटलं. मग, "आकडा किती आला तर पास?" पाचशे व्होल्टला किमान एक मेगओहम. मग त्यांनी विचारलं, "आणि घरातले बल्ब, पंखे, टीव्ही तसेच जोडलेले ठेवून लावलास तर?" हा प्रश्न पुस्तकी नव्हता. काकांनी एकदा भरलेल्या डीबीवर मला हेच दाखवलं होतं: उपकरणं काढली नाहीत तर फेज-न्यूट्रलमधलं रीडिंग खोटं येतं आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू जळूही शकते. मी ते सांगितलं. साहेबांनी मान डोलावली आणि मेगर माझ्याकडे सरकवला, "लावून दाखव." हात थरथरत होते, पण लावला.

निकाल लागेपर्यंत नोटाबंदी आली. रोखीवर चालणारी सगळी छोटी कामं नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये थांबली. पुढच्या जुलैत, म्हणजे २०१७ मध्ये, जीएसटी आला. या दोन्हीबद्दल वाद घालणारे पुष्कळ आहेत. माझ्यापुरतं सांगायचं तर बँकेतून व्यवहार करायची सवय तेव्हा लागली आणि पुढे कर्ज घेताना तीच कामाला आली.

सुपरवायझरचं प्रमाणपत्र हातात आल्यावर ठेकेदाराच्या लायसन्सची तयारी सुरू केली. यात खर्च खरा आहे, त्यामुळे आकडे सांगतो. भांडुपला एक छोटा गाळा भाड्याने घेतला: पन्नास हजार डिपॉझिट, आठ हजार भाडं. लायसन्ससाठी पत्त्याचा पुरावा लागतो, तेव्हा भाडेकरार नोंदणी केलेलाच करा. मग उपकरणं. मेगर, अर्थ टेस्टर, क्लॅम्प मीटर, मल्टिमीटर, रबरी हातमोजे, चटई. मला सगळं मिळून तीस हजारांच्या आत बसलं. उपकरणं लोहार चाळीतून, म्हणजे मुंबईतल्या विजेच्या सामानाच्या बाजारातून घेतली. तिथे एकच मेगर तीन दुकानांत तीन वेगवेगळ्या किमतींना मिळतो, म्हणून घाईने घेऊ नका. महत्त्वाचं म्हणजे बिल तुमच्या नावावर, उपकरणाच्या सीरियल नंबरसह घ्या, आणि कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र सोबत मागा. बिलावर सीरियल नंबर नसल्यामुळे परत पाठवलेली माणसं मी पाहिली आहेत.

फाइल चेंबूरला, आंबेडकर उद्यानासमोरच्या प्रशासकीय इमारतीत दिली. तिथली माणसं वाईट नाहीत. त्यांच्यासमोर फायलींचा ढीग असतो आणि तुमच्या फाइलमध्ये एक कागद कमी असेल तर ती बाजूला पडते. मी प्रत्येक कागदावर पान क्रमांक टाकला, वर एका पानावर यादी केली आणि पोच घेतली. फोनवर काही कळत नाही, तेव्हा पोच घेऊन समक्ष जायचं. उपकरणं प्रत्यक्ष दाखवावी लागली. काही महिने गेले. त्या काळात गाळ्याचं भाडं चालू, लायसन्स नाही आणि मोठं काम घेता येत नाही. घरी कोणी काही बोललं नाही, पण महिन्याच्या एक तारखेला मला झोप लागायची नाही. २०१८ च्या पावसाळ्यात लायसन्स आलं. त्याच आठवड्यात मुलुंडच्या एका दुकानाचा टेस्ट रिपोर्ट माझ्या सहीने गेला. मी त्या दुकानातला प्रत्येक पॉइंट पुन्हा तपासला आणि मगच सही केली.

आता पैशाचा भाग, कारण माणसं इथेच बुडतात.

माझी पत्नी बारावीनंतर घरीच होती. तिने टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा क्लास लावला आणि तेव्हापासून हिशेब तिच्याकडे आहे. तिने पहिल्या तीन महिन्यांतच एक गोष्ट दाखवून दिली: बिल काढलं की त्या महिन्याचा जीएसटी पुढच्या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत भरायचाच, पैसे आलेले असोत वा नसोत. दोन लाखांचं बिल काढलं की अठरा टक्क्यांनी छत्तीस हजारांचा कर होतो. मटेरियलवर भरलेला कर वजा करून उरलेला आपल्या खिशातून जातो, आणि पार्टी पैसे देते तीन महिन्यांनी. तेव्हापासून कामाच्या टप्प्याप्रमाणे बिल करतो. पाइप टाकून झाले की एक, वायर ओढली की दुसरं, स्विच-फिटिंग झालं की तिसरं. कंपनी किंवा बिल्डर बिलातून टीडीएस, म्हणजे आपल्या नावे भरायचा आयकर, आधीच कापतात, एकट्या मालकाच्या धंद्याला एक टक्का. तो कापलेला आपल्या पॅनवर जमा झालाय का, हे दर तिमाहीला आयकर खात्याच्या २६एएस या पत्रकात पाहत जा. आमच्या एका पार्टीने कापला होता आणि भरलाच नव्हता.

२०१९ मध्ये मुद्रा योजनेतून 'किशोर' गटातलं तीन लाखांचं कर्ज घेतलं. या गटात पन्नास हजार ते पाच लाख मिळतात आणि तारण लागत नाही. पहिल्या शाखेत साहेब म्हणाले, घर गहाण ठेवा. आमचं घर म्हणजे डोंगरावरची खोली, तिची कागदपत्रं काय गहाण ठेवणार? दुसऱ्या शाखेत गेलो, जिथे माझं जुनं खातं होतं. तिथे दोन वर्षांची आयकर विवरणपत्रं, बँक स्टेटमेंट, लायसन्स आणि हत्यारांचं कोटेशन दिलं. सहा-सात आठवडे लागले, पण मंजूर झालं. त्यातून झिरी मारायचं मशीन आणि ड्रिल घेतली आणि थोडे पैसे माल भरायला वापरले.

मग मार्च २०२०. त्या काळाबद्दल सगळ्यांनी इतकं लिहिलंय की मी थोडक्यात आटोपतो. पोरं गावी गेली, मी त्यांना जमेल तेवढं पाठवत राहिलो, आणि लोहार चाळीतल्या शेठने उधारीसाठी एकदाही फोन केला नाही. ऑक्टोबरपासून काम परत सुरू झालं.

त्यानंतरच्या वर्षात एका बिल्डरकडे मोठी रक्कम अडकली. नाव लिहीत नाही. काम पूर्ण, टेस्ट रिपोर्ट दिलेला, लोक राहायला आलेले, आणि बिलावर "पुढच्या आठवड्यात". आमच्या सीए मॅडमनी विचारलं, "उद्यम नोंदणी आहे का?" म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारकडे केलेली नोंदणी. ती होती. ही नोंदणी ऑनलाइन आणि फुकट होते, कोणाला पैसे देऊ नका. पण मॅडमनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या, त्या लक्षात ठेवा. एक, नोंदणी काम घेण्याच्या आधीची हवी. पैसे अडकल्यावर नोंदणी करून मागच्या बिलांना छोट्या उद्योगांचे पैसे वेळेत मिळावेत म्हणून असलेल्या कायद्याचं संरक्षण मिळत नाही. दोन, मटेरियल आणि मजुरी एकत्र असलेल्या कंत्राटाला तो कायदा लागू होतो का, यावर कोर्टात वाद झालेले आहेत. त्यामुळे देखभालीची आणि निव्वळ सेवेची बिलं वेगळी ठेवा. शेवटी आम्ही वकिलाची नोटीस, सगळी पत्रं आणि मोजमापाच्या वहीवर त्यांच्या इंजिनिअरने केलेल्या सह्या असा गठ्ठा समोर ठेवला. बहुतेक पैसे आले, हप्त्याहप्त्याने. त्या सह्यांनी तारलं. साइट इंजिनिअर चांगला मित्र असला तरी मोजमाप झालं की त्याच दिवशी सही घ्या. माणूस नोकरी बदलतो, वही राहते.

आज आमच्याकडे चौदा माणसं आहेत. सगळ्यांची डब्ल्यूसी पॉलिसी, म्हणजे कामावरच्या अपघाताचा विमा आहे, पगार खात्यात जातो, आणि काम सोडताना मागितला नाही तरी अनुभवाचा दाखला मिळतो. तो दाखला देताना मला बरं वाटतं, एवढंच.

२०२३ मध्ये आयटीआयची दोन मुलं शिकाऊ म्हणून घेतली. बऱ्याच छोट्या ठेकेदारांना वाटतं की ही फक्त कारखान्यांची गोष्ट आहे. तसं नाही. तीस किंवा जास्त माणसं असलेल्यांना शिकाऊ घेणं बंधनकारक आहे, पण चार ते एकोणतीस माणसं असलेले स्वेच्छेने घेऊ शकतात. अप्रेंटिसशिप पोर्टलवर आस्थापनेची नोंदणी करायची, जागा टाकायची, करार ऑनलाइन करायचा. विद्यावेतनाचा पंचवीस टक्के भाग, महिन्याला कमाल १,५०० रुपये, केंद्र सरकार मुलाच्या खात्यात थेट जमा करतं. बाकी आपण द्यायचं. मुलाचं बँक खातं आधारला जोडलेलं नसेल तर हे पैसे अडकतात, आमच्याकडे एकाचे अडकले होते. शनिवारी दुपारी गाळ्यावर मी त्यांना मेगर आणि अर्थ टेस्टर हाताळायला देतो, आणि परवान्याचे अर्ज आम्ही एकत्र बसून भरतो. आमच्याकडे नसलेली मुलंही येतात. त्यांनाही बसवतो.

दुसरं काम चाळींचं. माझी मावशी लालबागला जुन्या चाळीत राहते. २०२४ च्या मे महिन्यात ती म्हणाली, "अरे बाळा, फ्रिजला हात लावला की झिणझिण्या येतात, जरा बघ ना." बोर्ड उघडला. लाकडी केसिंगमधून जुनी वायर, किटकॅट फ्यूजमध्ये फ्यूज वायरच्या जागी तांब्याची जाड तार, म्हणजे तो फ्यूज कधी उडणारच नाही. आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवला तर तो लगेच पडायचा, म्हणजे बंद व्हायचा. एकेक पॉइंट सोडवत गेलो. शेवटी फ्रिजच्या थ्री-पिनच्या मागे सापडलं: चाळीत अर्थिंग नाही म्हणून कोणीतरी अर्थची पिन एका तुकड्याने न्यूट्रललाच जोडली होती. वरून पाहिलं तर थ्री-पिन अगदी व्यवस्थित. पण वर कुठे न्यूट्रल तुटला असता, तर फ्रिजच्या पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट आले असते. मावशीची नात दिवसातून दहादा त्या फ्रिजला हात लावते. मी तो तुकडा कापला आणि थोडा वेळ नुसता बसून राहिलो.

बाकीच्या खोल्या पाहिल्या तर आणखी चार घरांत हेच होतं. मीटरपर्यंतचं काम वीज कंपनीचं असतं, पुढची वायरिंग आपली. पागडीच्या चाळीत मालक खर्च करत नाही आणि भाडेकरूला वाटतं पुनर्विकास होणारच आहे, आता कशाला. त्यात वर्षं जातात. आम्ही खाली जोत्याजवळ अर्थिंगचे दोन पिट केले, एक मुख्य अर्थ वर नेला आणि प्रत्येक मजल्यावर काढून दिला. मजुरी घेतली नाही. मटेरियल भाडेकरूंनी वर्गणीतून दिलं, आणि ज्यांना जमलं नाही त्यांचं आम्ही घातलं. शिकाऊ मुलांनी त्या दोन रविवारांत जे पाहिलं ते टॉवरमध्ये दोन वर्षांत पाहिलं नसतं.

तेव्हापासून पावसाळ्याआधी काही चाळी आणि गणपतीआधी आसपासच्या मंडळांचे मंडप तपासतो. मंडपात तीन गोष्टी पाहतो: मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का आणि टेस्टचं बटण दाबल्यावर तो खरंच पडतो का, लोखंडी सांगाड्याला अर्थ दिलाय का, आणि जोड जमिनीवर पाण्यात तर नाहीत ना. कार्यकर्ते आधी म्हणतात, "दादा, दरवर्षी असंच करतो." बटण दाबून दाखवलं आणि आरसीसीबी पडला नाही की लगेच दोघं जण नवीन आणायला धावतात.

तुमच्या चाळीत हे करून घ्यायचं असेल तर ठेकेदाराला बोलावण्याआधी एवढं जमवून ठेवा: प्रत्येक खोलीचं ताजं वीजबिल, म्हणजे मंजूर लोड कळतो, मीटरची जागा उघडायला किल्ली असलेला माणूस, अर्थिंगच्या खड्ड्यासाठी मालकाची किंवा सोसायटीची लेखी परवानगी, आणि सगळे घरी असतील असा रविवार. काम झालं की मेगरची आणि अर्थ टेस्टरची रीडिंग तारखेसह लिहून, लायसन्स नंबर आणि सहीसकट मागून घ्या, आणि तो कागद मीटरपेटीच्या दाराला आतून चिकटवून ठेवा.